तिळी मुंगीचं अंडं

एक होती मुंगी. तिचं नाव तिळी.
तिळीजवळ एक अंडं होतं. पांढरं पांढरं, तांदळाच्या कणीएवढं.
त्या अंड्यात तिचं बाळ होतं.

तिळी अंडं घेऊन घरी निघाली. घर होतं भिंतीच्या फटीत. वाटेत होता पहिलीचा वर्ग.
तुरूतुरू, तुरूतुरू, तिळी चालली.
कुणीतरी शिंकलं. आं...छी.
अंडं सुटलं. गड गड गड गेलं. एका दप्तराखाली गेलं.

तिळी घाबरली. आता घंटा होणार. घंटा झाली की मुलं उठणार. दप्तर फर्रकन ओढणार. मग अंड्याचं काय होणार?
भिंतीवर घड्याळ होतं. टिक टिक, टिक टिक.

तिळी दप्तराला म्हणाली,
"दप्तरा, दप्तरा, हळूच हल. माझं अंडं मिळेना."
दप्तर म्हणालं, "मला पाय कुठे आहेत? तनुजा उचलेल तेव्हा हलेन."

तुरूतुरू, तुरूतुरू, तिळी तनुजाकडे गेली. तनुजा चित्र काढत होती. जास्वंदीचं फूल. अर्धं लाल, अर्धं कोरं.
"तनुजा, तनुजा, दप्तर उचल.
दप्तर हलेना,
माझं अंडं मिळेना."
तनुजा म्हणाली, "बाई आता चित्र बघतील. माझं फूल अर्धंच आहे. लाल खडू इरफानकडे आहे. खडू मिळाला की उठते."
टिक टिक, टिक टिक.

तुरूतुरू, तुरूतुरू, तिळी इरफानकडे गेली. इरफान चिंचोके मोजत होता. मोजायचे आणि लाल खडूने आकडा लिहायचा.
"इरफान, इरफान, खडू दे.
तनुजा उठेना,
दप्तर हलेना,
माझं अंडं मिळेना."
इरफान म्हणाला, "माझे नऊच चिंचोके भरतात. परत मोजले, तरी नऊच. दहावा महादूने नेलाय. तो मिळाला की दहा लिहितो, मग खडू देतो."
टिक टिक, टिक टिक.

तुरूतुरू, तुरूतुरू, तिळी महादूकडे गेली. महादूने मातीचा हत्ती केला होता. हत्तीला सोंड होती. हत्तीला एकच डोळा होता. तो डोळा म्हणजे चिंचोका.
"महादू, महादू, चिंचोका दे.
इरफान खडू देईना,
तनुजा उठेना,
दप्तर हलेना,
माझं अंडं मिळेना."
महादूने चिंचोका ओढून पाहिला. निघेना.
"माती वाळली गं मुंगीताई," तो म्हणाला. "जोरात ओढला तर हत्तीचं डोकं फुटेल. बाईंकडे पाणी आहे. पाणी मिळालं की माती भिजवतो, मग चिंचोका देतो."
टिक टिक, टिक टिक. काटा पुढे सरकला.

तुरूतुरू, तुरूतुरू, तिळी बाईंकडे गेली. बाई खाली सतरंजीवर बसल्या होत्या. जरा पलीकडे पाण्याचा माठ होता. पण बाईंचा हात माठापर्यंत पोचत नव्हता.
"बाई, बाई, पाणी द्या.
महादू चिंचोका देईना,
इरफान खडू देईना,
तनुजा उठेना,
दप्तर हलेना,
माझं अंडं मिळेना."
बाई हळूच म्हणाल्या, "दिलं असतं गं. पण उठू कशी? बकुळाने माझा पदर धरलाय. आज तिचा शाळेतला पहिला दिवस आहे. तिने पदर सोडला की लगेच देते."
टिक टिक, टिक टिक.

तिळी पदरावर चढली. तुरूतुरू, तुरूतुरू, बकुळाच्या मुठीपाशी गेली. मूठ घट्ट होती. बकुळा मुसमुसत होती. हूं हूं हूं.
"बकुळा, बकुळा, पदर सोड.
बाई पाणी देईनात,
महादू चिंचोका देईना,
इरफान खडू देईना,
तनुजा उठेना,
दप्तर हलेना,
माझं अंडं मिळेना."
बकुळा म्हणाली, "नाही सोडणार."

तिळी थांबली. आता कुणाकडे जायचं? पुढे कुणीच नव्हतं.
ती तिथेच बसली.

बकुळाने नाक पुसलं. तिने मुंगीकडे पाहिलं.
"अंड्यात कोण आहे?"
"माझं बाळ."
"ते कुठे आहे?"
"दप्तराखाली. अंधारात. एकटंच."
"त्याला भीती वाटते का?"
"वाटत असेल. मलाही वाटते."
बकुळाने विचारलं, "तू त्याला न्यायला जाशील?"
"जाणारच. मी त्याची आई आहे ना."
"माझी आई पण येईल? मला न्यायला?"
"येईल," तिळी म्हणाली. "शाळा सुटली की येईल."

बकुळाने एक बोट सोडलं.
मग दुसरं बोट सोडलं.
मग तिसरं, मग चौथं.
अंगठा सगळ्यात शेवटी सुटला.

बकुळाने पदर सोडला.
बाईंनी उठून पाणी दिलं.
महादूने माती भिजवली आणि चिंचोका दिला. डोळ्याच्या जागी त्याने बारीक खडा बसवला.
इरफानने दहा मोजले, दहा लिहिले आणि खडू दिला.
तनुजाने फूल लाल केलं आणि ती उठली. तिने दप्तर हळूच उचललं. अगदी हळू.

खाली अंडं होतं. पांढरं पांढरं, तांदळाच्या कणीएवढं. कुठे तडा नाही, कुठे डाग नाही.
तिळीने अंडं तोंडात धरलं.
तुरूतुरू, तुरूतुरू, तुरूतुरू, तुरूतुरू.

ठण ठण ठण. घंटा झाली.
मुलं उठली. धब धब धब, धब धब धब.
"भिंतीकडून नका जाऊ," बकुळा म्हणाली. "तिथे मुंगी आहे."
ती पहिल्यांदाच मोठ्याने बोलली. सगळ्यांनी ऐकलं. सगळी मुलं दुसऱ्या बाजूने गेली.

तिळी फटीत शिरली. आत गार होतं. आत मऊ माती होती.
तिने अंडं खाली ठेवलं. त्याला चाटून चाटून स्वच्छ केलं. मग ती त्याच्याजवळ बसली, आणि दिवसभर कुठेही गेली नाही.