ऐंशीवर काढलेली वायर

एकदा घाटमाथ्यावरच्या एका गावात एक वृद्ध वैद्य आपला ग्रंथ सांगत होते आणि त्यांची शिष्या ऋजुता तो लॅपटॉपवर उतरवून घेत होती. आयुष्यभराची विद्या सगळी डोक्यात. कागदावर एक अक्षर नव्हतं. त्यात गुरुजींचं हृदय थकलेलं. डॉक्टरांनी ऋजुताला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "जे विचारायचं ते विचारून घ्या." तेव्हापासून तिच्या जिवाला घोर लागला होता.

आणि नेमक्या या घाईच्या दिवसांत गुरुजींनी एक विचित्र खोड धरली. लॅपटॉप ऐंशी टक्के भरला, की स्वतः उठून चार्जरची वायर काढत. पंचवीसच्या आसपास उतरला, की पुन्हा लावत. तिथे विजेचा काय भरवसा, आली तर आली. ऋजुताला वाटे, मिळतेय तोवर शंभर भरून घ्यावी, वायर काढूच नये. याच हौसेपायी तिची पहिली बॅटरी वर्षभरात फुगली होती, पण घाईत असलेल्या माणसाला मागचं कुठलं आठवायला? त्याहून अवघड म्हणजे, गुरुजी स्वतःही तसेच वागत. आवाज खणखणीत चालू असताना मध्येच थांबत आणि म्हणत, "आज पुरे."

एके दिवशी सकाळीच वीज गेली. बालरोगांचं प्रकरण चाललं होतं. पडद्यावरचा बॅटरीचा आकडा उतरत होता, ऋजुता भराभर टाइप करत होती. पंचविसाला गुरुजींनी वाक्य अर्ध्यावर सोडलं. "ठेव मिटून."

"अजून बराच वेळ चालेल तो. आणि तुम्हीही," ती म्हणाली. "गुरुजी, ग्रंथ पुरा करायचाय की नाही? मला भीती वाटते. उद्या तुम्ही नसलात तर?" बोललेलं तिचं तिलाच लागलं.

गुरुजी रागावले नाहीत. "बाळ, आकंठ जेवणारा आणि उपाशी राहून कोरडा पडणारा, दोघेही माझ्याकडे औषधाला येतात. बॅटरीचंही तेच. सदा शंभरावर ठेवली की आतून झिजते, वारंवार शून्याला नेली तरी झिजते. मधल्या मापात ठेवली तर दीर्घकाळ साथ देते. मी थांबतो तेव्हा माझ्यात थोडं उरलेलं असतं. त्या उरलेल्यावर मी रात्र काढतो आणि सकाळी पुन्हा सांगायला बसतो. तेही आज खर्चलं, तर तुझी भीती खरी होईल."

ऋजुताने लॅपटॉप मिटला. पटलं होतं असं नाही.

पुढे ऐन थंडीत गुरुजींनाच घाई झाली. दोन पानं उरली होती. "आज शेवटाला जाऊ," ते म्हणाले, पण श्वास शब्दाशब्दाला अडत होता. घे उतरवून, उद्याचं कोणी पाहिलंय, असं ऋजुताचं मन ओरडून सांगत होतं. तिने लॅपटॉप मिटला.

"आज पुरे, गुरुजी. उद्या इथूनच."

गुरुजी आडवे झाले. त्या रात्री तिच्या डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी ती खोलीत गेली, तेव्हा ते उशीला टेकून वाट पाहत बसले होते. शेवटची ओळ त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितली.