कातडं कुणाचं?

जोडे शिवणारा धावजी घराच्या आगीत होरपळला, तेव्हा राणीसाहेबांनी आपले राजवैद्य दोन महिने त्याच्या उशाशी बसवले. बरा होताच तो दरबारात आला आणि हात जोडून म्हणाला, "माझ्या कातड्याचे जोडे करून घातले, तरी हे उपकार फिटायचे नाहीत. राणीसाहेबांना घोड्यावर गारठा बाधतो. परवानगी असेल तर एक जाकीट शिवतो. कातडं सांगाल ते."

दिवाण रंगराव कुत्सित हसले. "बकरीचं, मेंढीचं कुणीही घालतं. आत्ताच स्वतःचं देऊ केलंस ना? मग जाकीट त्याचंच होऊ दे. की नुसती जीभच चालते?"

धावजीने बाही वर सारली. हातावर नवी, गुलाबी कातडी आली होती.

"दिवाणसाहेब, माझं होतं ते कातडं आगीत गेलं. हे उगवलं राणीसाहेबांच्या औषधानं, म्हणजे ते त्यांचं. त्यांच्या वस्तूवर रापी चालवायची तर हुकूम त्यांचाच हवा. तो तेवढा आणा, मी रापीला धार लावून ठेवतो."

राणीसाहेबांचे डोळे भरून आले.

"आमचं आहे ना, मग जपून वापर," त्या म्हणाल्या. "आणि जाकीट मेंढीचंच शिव. आम्ही आनंदाने घालू."