तीन ठोके

फार मागची गोष्ट. धनेश पक्ष्याची बायको झाडाच्या ढोलीत पिल्लांसह स्वतःला लिंपून घेऊन बसली होती. नवऱ्यानं चोचीचे तीन ठोके दिले, तरच ती फट उघडायची.

एका सकाळी उदमांजरानं धनेशाला गाठलं. "धनेशराव, राजाकडून पडताळणी आहे. खूण सांगा, नाहीतर आजच ढोली जप्त!" घाबरून धनेशानं ठोके वाजवून दाखवले.

संध्याकाळी तो उंबरं घेऊन परतला, तर लिंपण फुटलेलं आणि एक पिल्लू गायब.

"भामट्या, डोळे फोडीन तुझे!" तो रानभर ओरडत सुटला.

"अहो, आधी इकडे या," बायको कडाडली. "तीन ठोके ऐकले म्हणून मी उघडलं. ते त्याला शिकवले कुणी?"

धनेशाची मान खाली गेली. "आता खूण बदलू," तो पुटपुटला. "पण कुणाला सांगू नकोस हं."

"मी?" तिनं चोच खोडावर आपटली. "मी कधी सांगितली होती?"