चहाचा कप आणि चिनी शीड

अगं ऐक ना, आत्ता धक्क्यावर काय धमाल झाली! आपल्या श्रेयसी पाठारेने तिच्या बोटीला भलतंच शीड लावलंय, चिनी पद्धतीचं, आडव्या पट्ट्यापट्ट्यांचं. क्लबच्या सगळ्या बोटी मुरूडला निघाल्यात आणि अध्यक्ष रणदिवे सर म्हणतात, "हा खिडकीचा पडदा आमच्याबरोबर येणार नाही. माझं उंच टोकदार शीड बघ, कसं पळतं!"

श्रेयसी म्हणाली, "पळण्यात तुम्हीच जिंकाल, सर. पण आपण शर्यतीला नाही, फिरायला चाललोय. वाटेत वारा वाढला की शीड अर्धं उतरवावं लागतंच. चला, दोघंही एकेकटे उतरवून दाखवू, हातात चहाचा भरलेला कप धरून. ज्याचा सांडला तो हरला."

सगळ्यांदेखत सर नाही कसं म्हणणार? धक्क्याजवळच दोघांनी आपापल्या बोटीत शीड उभारलं. श्रेयसीने बसल्या जागी एक दोर सैल सोडला, तशा पट्ट्या घडी होऊन एकावर एक खाली! वर मस्त चहाचा घोट. सरांना मात्र उठून डोलकाठीपाशी जावं लागलं; तोल सावरायला एक हात डोलकाठीला, दुसऱ्यात कप. शीड उतरवायला तिसरा हात आणणार कुठून? शेवटी ओरडले, "अरे, कोणीतरी हा कप धरा रे!"

श्रेयसी लगेच म्हणाली, "म्हणजे कप धरायला तरी मला बरोबर न्यावंच लागणार, सर!"

अख्खा धक्का हसला. सरसुद्धा हसले, म्हणाले, "चल बाई, तूही चल!"

ए, तू सरांच्या जागी असतीस तर काय सोडलं असतंस गं, कप की शीड?