चवरीवाल्याचे जाते

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा राजे असत आणि त्यांना वारा घालायला पगारी माणसे असत.

एका नगरात असाच एक चवरीवाला होता. राजाच्या मागे उभे राहायचे आणि चवरी डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे हलवायची, एवढेच त्याचे काम. पण सगळा दरबार त्याच्याच दिशेने मुजरा करी, त्यामुळे त्यातला थोडा मुजरा आपल्यालाही असतो असे त्याला वाटू लागले होते. त्या जागी उभ्या राहणाऱ्या बहुतेकांना तसे वाटतेच.

म्हातारा राजा वारला आणि नवा राजा गादीवर आला. तो सर्दीच्या प्रकृतीचा होता. पहिल्याच दरबारात त्याला शिंकांवर शिंका आल्या आणि चवरीवाल्याला नारळ मिळाला. खरोखरचा नारळ, वर एक शाल. नारळाची दुसऱ्या दिवशी चटणी झाली.

घरी त्याची बायको आणि अंथरुणाला खिळलेली म्हातारी आई होती. बायकोने कणगीत हात घालून धान्याचा अंदाज घेतला.

“अहो, जपून खाल्ली तर ही ज्वारी पावसाळ्यापर्यंत पुरेल,” ती म्हणाली. “धोबी बंद करू, कपडे मी नदीवर नेईन. तुमचा विडा बंद. भाकरीऐवजी आंबील करू. सासूबाईंचे दूध तेवढे राहू द्या. आणि तेल्याला घाण्यावर माणूस हवाय म्हणतात.”

“घाण्यावर? मी? बैलाच्या मागे चालू?”

“इतकी वर्षे राजाच्या मागे होतास,” म्हातारी पडल्या पडल्या म्हणाली. “तो तरी कुठे वळून बघत होता?”

चवरीवाल्याने घरखर्चाचा आपला वेगळा हिशेब मांडला. धोबी राहिला, कारण पागोटे कडक नसले तर लोक काय म्हणतील. विडा राहिला, कारण ओठ लाल दिसायला हवेत. दूध बंद झाले, कारण म्हातारीच्या पोटात काय गेले हे रस्त्यावरून दिसत नाही.

त्या गल्लीची एक जुनी रीत होती. गल्लीतली एक थोरली काकू पहाटे हळूच फेरी मारी आणि घराघरातल्या जात्यांची घरघर ऐके. ज्या घरातून बरेच दिवस घरघर आली नाही, त्या घराच्या मागच्या दाराशी सूपभर ज्वारी ठेवलेली सापडे. देणारी काही विचारत नसे, घेणारा काही सांगत नसे. ही ज्वारी गल्लीने जमिनीत खणलेल्या सामाईक पेवातून येई, आणि ज्यांची जाती फिरत असत ती घरे दर अमावास्येला त्या पेवात आपला वाटा टाकत.

चांगल्या दिवसांत चवरीवाल्यानेही टाकला होता. फक्त एकदा वाटा टाकता टाकता तो मोठ्याने म्हणाला होता, “विणकराचे जाते मुके झाले वाटते!” आणि हसला होता. विणकर तेव्हा शेजारीच उभा होता. आता ते हसू चवरीवाल्याच्या स्वतःच्या कानात येऊन बसले.

“जाते फिरलेच पाहिजे,” तो बायकोला म्हणाला.

“दळू काय? आंबिलीला भरड लागते मूठभर.”

“दळायला कोण सांगतेय? नुसते फिरव.”

ती रोज पहाटे रिकामे जाते फिरवू लागली. जाते मोठ्याने ओरडे. दोन दगडांमधून राखाडी भुकटी पडे. दिसायला ती बाजरीच्या पिठासारखीच होती. आंबिलीवर बायकोच्या दंडात जोर राहिना. तेव्हा तो स्वतः खुंट्याला बसला. राजाला वारा घातलेले हात ते. त्यांना फिरवत राहण्याची सवय होती. त्याचे जाते गल्लीत सगळ्यांच्या आधी सुरू होई आणि सगळ्यांच्या नंतर थांबे.

“अरे, त्या दगडाला तरी काही खायला घाल,” म्हातारी म्हणे. “मला नाही तर नाही.”

अमावास्येला काकू दारात आली.

“सूनबाई, यंदा मुकी जाती फार झालीत. तुमचे मात्र केवढे चालते! पेव तळाला लागलेय. यंदा दुप्पट वाटा द्याल?”

बायकोने नवऱ्याकडे पाहिले. आयुष्यात एकदाच खरे बोलायचे असते तर ती वेळ हीच होती, आणि मागायला कोणाच्या दारात जायचेही नव्हते. दार स्वतः चालून आले होते.

“दुप्पट कशाला?” चवरीवाला हसून म्हणाला. “पाटी भरून न्या, काकू.”

“अहो, सासूबाईंची पेज—”

“हिला माझ्या आईचीच काळजी!” तो आणखी मोठ्याने हसला आणि कणगीतले उरलेसुरले झाडून त्याने पाटीत ओतले.

“दे रे बाबा, दे,” आतून म्हातारीचा आवाज आला. “उपाशी माणसांचे भले होऊ दे.”

“तुझ्यासारखी माणसे आहेत म्हणून गल्ली उभी आहे,” काकू म्हणाली आणि पाटी घेऊन गेली. त्या वाक्यावर चवरीवाल्याचा दिवस गेला. म्हातारीला मात्र ते पचले नाही. चंद्र अर्धा भरायच्या आत ती गेली.

“भरल्या घरातून गेली,” तिरडी बांधताना लोक म्हणाले. “भाग्यवान बाई.”

सुतकात चूल पेटत नाही, जाते फिरत नाही. शेजारी पिठले-भाकरी आणून देतात. पहिली भाकरी विणकराच्या बायकोने आणली, जाड आणि गरम. चवरीवाला कित्येक दिवसांनी पोटभर जेवला. आईला जे मिळाले नाही ते आईमुळे मिळाले, आणि ते घशाखाली नीट उतरत होते. हे त्याला सोसवेना, तरी तो जेवत राहिला.

सुतक फिटले. शेजाऱ्यांची ताटे यायची थांबली आणि जात्याला हात लावायची त्याची छाती होईना. काही पहाटा तशाच गेल्या. मग एके दिवशी मागच्या दाराशी सूपभर ज्वारी होती. कोणी हसले नाही. सगळी गल्ली आपल्या जात्याकडे कान लावून बसलेली असते असे तो समजत आला होता. गल्ली गाढ झोपलेली असे. कान एका काकूचाच होता.

बायकोने ज्वारी जात्यात ओतली आणि खुंटा धरला. जाते फिरले. खालून दाणे जसेच्या तसे बाहेर पडले, एकही फुटला नाही. इतके दिवस रिकामे फिरून दगडाने दगडाचे दात खाऊन टाकले होते.

तिने खुंटा सोडला नाही. तशीच फिरवत राहिली.

“बाहेर ऐकू जातेय ना?” तिने विचारले.



सांगायचे ते एवढेच: मिळकत थांबली की लोकांना दिसणारा खर्च आधी थांबवावा, नाहीतर न दिसणारी माणसे आधी जातात.