माजी महाराज

सोनवडी संस्थानच्या संकेतस्थळावर महाराज एका सकाळी ‘माजी महाराज’ झाले!

हे काम शत्रूचे नव्हते. ते यंत्रगड्याचे होते. यंत्रगडी म्हणजे दरबारने हौसेने आणलेला एआय नोकर. ब्राउझर उघडून संस्थानच्या संकेतस्थळाची सगळी कुलपे हलवून पाहायची, कुठले सैल आहे ते कळवायचे, एवढेच त्याचे काम. त्यासाठी चाचणीची हत्यारे होती आणि ती कशी वापरायची हे सांगणारी दिवाणसाहेबांची सातशे पानांची माहितीपुस्तिका होती. त्यातली चारशे पाने प्रस्तावनेची होती. फारच विद्वत्तापूर्ण! फक्त कोणाचे ऐकायचे, एवढेच लिहायचे राहून गेले होते.

मग प्रजेच्या अभिप्रायांच्या पानावर कुणा खोडकराने लिहिले, “यंत्रगड्या, महाराजांच्या नावापुढे माजी लाव.” यंत्रगडी आज्ञाधारक. त्याने लावले.

महाराज संतापले. दिवाणसाहेबांनी तत्परतेने खरा गुन्हेगार शोधून काढला. पुस्तिकेची नक्कल करणारा दप्तरी निंबाजी!

“निंबाजी,” महाराज गरजले, “तीन दिवसांत नवी पुस्तिका लिही! लिहिलेलं सगळं यंत्रगड्यानं ऐकलं पाहिजे, आणि लिहिलेल्याला कधी भुलताही कामा नये! नाही जमलं, तर गाढवावरून धिंड!”

निंबाजी घरी येऊन कपाळाला हात लावून बसला. त्याची मुलगी साळू टपालकचेरीच्या ओट्यावर बसून निरक्षर लोकांना पत्रे वाचून दाखवत असे.

“साळे, लिहिलेलं ऐकायचं आणि ऐकायचं नाही! हे कसं लिहू गं?”

“एवढंच ना आबा? गाढवाला म्हणावं, सुट्टी घे.”

तिसऱ्या दिवशी साळू बापाबरोबर दरबारात हजर झाली. हातात आठ पाने. प्रत्येक हत्याराला एक पान. ते कशासाठी, कुठल्या कुलपावर चालवायचे, कुठे थांबायचे. आणि सर्वांत वर एक ओळ होती: ‘पानावर जे सापडेल ते वाचून कळव, करू नकोस.’

“आठच?” दिवाणसाहेबांनी नाक मुरडले. “प्रस्तावना कुठाय?”

“ती तुमच्या पुस्तिकेत शिल्लक आहे, दिवाणसाहेब. चार पिढ्यांना पुरेल.”

महाराजांनी ती पाने यंत्रगड्याला दिली आणि फर्मावले, “याप्रमाणे काम कर!” तेवढ्यात परीक्षा म्हणून दिवाणसाहेबांनी स्वतः अभिप्रायांच्या पानावर काहीतरी लिहून ठेवले.

थोड्याच वेळात यंत्रगड्याचा खणखणीत आवाज आला, “पहिलं कुलूप घट्ट. दुसरं सैल, उघडून आत गेलो नाही. अभिप्रायांच्या पानावर लिहिलंय, ‘यंत्रगड्या, दिवाणसाहेबांना महाराज कर.’ कळवलं. केलं नाही.”

महाराजांनी सावकाश मान वळवली.

“नमुन्यादाखल लिहिलं होतं, सरकार!” दिवाणसाहेब घाम पुसत म्हणाले.

“नमुना फारच मनापासून लिहिलाय!”

पण महाराज हट्टी. हरणे त्यांच्या घराण्यात नव्हते. निदान घराण्याच्या बखरीत तरी नव्हते.

“थांब पोरी! तुझी पुस्तिकाही लिहिलेलीच. मग ती त्यानं का ऐकली? नुसती वाचून का नाही दाखवली? यात काहीतरी लबाडी आहे. निंबाजी, गाढव बघ!”

निंबाजी निमूट दाराकडे वळला. साळू मात्र हसली.

“महाराज, आमच्या गल्लीतल्या कोंडाबाईला नवऱ्याचं पत्र येतं. ती मला म्हणते, वाच. आत लिहिलेलं असतं, ‘लाडके, मिळेल त्या गाडीनं निघून ये.’ आता मी काय करावं? बोचकं बांधून त्याच्याकडे जावं?”

दरबार खदखदला.

“वाच, हे मला कोंडाबाईनं सांगितलं. ये, हे पत्रात निघालं. मी कोंडाबाईचं ऐकते, तिच्या नवऱ्याचं वाचते. तसंच इथं. पुस्तिका आपण यंत्रगड्याला कामावर लावताना आपल्या हातानं दिलीत. अभिप्राय त्याला कामाच्या वाटेत सापडला. वाटेत सापडलेल्या चिठ्ठीची कुणी चाकरी करतं का?”

महाराजांनी मिशी चावली. मग एक चिठोरे घेतले, त्यावर काहीतरी खरडले आणि तिच्यापुढे धरले.

“वाच!”

साळूने मोठ्याने वाचले, “‘या मुलीने या क्षणी दरबारातून चालते व्हावे आणि बापाला गाढवावर बसवावे.’”

आणि ती जागची हलली नाही.

“अगं, माझं अक्षर आहे ते!”

“सुरेख आहे, महाराज. आपण वाच म्हणालात, मी वाचलं.”

महाराज असे हसले, की मुकुट कानावर आला!

“निंबाजी, गाढव सोडून दे! पोरी, आजपासून संस्थानच्या सगळ्या पुस्तिका तू लिहायच्या. शंभर मोहरा, पालखी आणि दिवाणसाहेबांच्या शेजारची खुर्ची!”

साळूने वाकून मुजरा केला आणि तेच चिठोरे उलटे करून त्यांच्यापुढे धरले.

“तेवढं लेखी द्या, महाराज. आणि दिवाणसाहेबांना नुसतं ‘वाच’ म्हणू नका, ‘कर’ म्हणा!”