कोमट पाक

फार वर्षांपूर्वी नदीकाठच्या एका गावात द्वारकाकाकू नावाच्या बाई एका घासात संपतील असे चिमुकले केक करून विकायच्या. तसे केक गावात इतरही करत. पण काकूंच्या केकवर साखरेच्या पाकाचा जो पांढराशुभ्र, गुळगुळीत थर असे, तो कुणालाच साधत नसे.

शेजारच्या मंजुळेलाही घरखर्चाला हातभार लावायचा होता. तिने काकूंना पाक शिकवायची विनंती केली. काकूंनी ओट्यावर बसून तिला सगळं सांगितलं. साखर किती, पाणी किती, पाक उकळायचा किती, उतरवल्यावर पांढरा होईपर्यंत घोटायचा कसा. एक गोष्ट मात्र त्यांनी सांगितली नाही. उतरवलेला पाक कोमट होईपर्यंत त्याला चमचाही लावायचा नसतो. गरम पाक घोटला की त्याची कणी होते.

मंजुळेच्या केकवरचा थर वाळूसारखा खरखरीत व्हायचा. गिऱ्हाइकं एकदा घेत, पुन्हा येत नसत. शेवटी तिने नाद सोडला. काकूंबद्दल तिला शंकासुद्धा आली नाही. आपल्या हाताला गुण नाही, असंच ती सगळ्यांना सांगायची. ते कानावर आलं की काकूंना अवघडल्यासारखं व्हायचं, पण त्या गप्प राहायच्या.

पुढे गावच्या वैद्यांकडे नातीचं बारसं निघालं. केक काकूंनी करायचे होते. केक भाजून झाले, आणि भट्टीतला तापलेला पत्रा बाहेर काढताना काकूंचा उजवा हात चांगलाच पोळला. मंजुळा कोरफड घेऊन धावत आली. तिने हात बांधला आणि ती म्हणाली, तुम्ही नुसत्या समोर बसा, पाक मी करते.

पाक उकळला. मंजुळेने भांडं उतरवलं आणि चमचा उचलला. काकूंच्या ओठांवर शब्द आले. पण आता सांगावं, तर तेव्हा लपवलं होतं हे तिला कळणार. त्या विचारात असतानाच चमचा पाकात गेला, आणि बघता बघता भांडंभर कणी झाली.

मंजुळा खाली मान घालून म्हणाली, "काकू, मी तुमचा पाक वाया घालवला. माझा हातच असा आहे. तुम्ही दुसऱ्या कुणाला तरी बोलवा."

ते मात्र काकूंना ऐकवेना.

"तुझ्या हातात काही खोट नाही," त्या म्हणाल्या. "पाक कोमट झाल्याशिवाय घोटायचा नसतो. मी तुला ते मुद्दाम सांगितलं नव्हतं."

मंजुळेने हातातला चमचा खाली ठेवला. आता ही उठून जाणार, असं काकूंना वाटलं. पण तिने कणी झालेल्या पाकात पाणी घातलं आणि भांडं पुन्हा चुलीवर चढवलं. पाक उतरवल्यावर तिने एवढंच विचारलं, "कोमट म्हणजे किती?"

काकू अधूनमधून डावा हात भांड्याला लावून बघत बसल्या. मग त्यांनी मंजुळेचा तळवा तिथे टेकवला. "एवढं."

या वेळी पाक लोण्यासारखा घोटला गेला. पण केक बारशाच्या घरी पोहोचेपर्यंत निम्मी मंडळी जेवून घरी गेली होती. वैद्यांच्या घरचे नाराज झाले. उशीर माझ्यामुळे झाला, असं काकूंनी त्यांना सांगितलं.

त्यानंतर मंजुळा काकूंकडे फिरकली नाही. काकूंचा हात लवकर बरा होईना, आणि त्यांचा पाक करणारं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून दुकान बंदच राहिलं. मग एका सकाळी मंजुळा आली. तिने काकूंची भट्टी पेटवली.

"हात बरा होईपर्यंत दुकान मी सांभाळते," ती म्हणाली. "फक्त अजून काय काय सांगायचं राहिलंय, ते आज सगळं सांगा."

काकूंनी तिला समोर बसवून घेतलं. त्या सांगत होत्या, तोवर संध्याकाळ झाली.

तात्पर्य एवढंच, की हातचं राखून शिकवलं तर शिकणारा अडतोच, पण आपली वेळ आली की आपणही अडतो.